नरसाळ्यातील स्थिर विद्युत (कोकण किनारा)

नरसाळ्यातून ओतलेली कोरडी भुकटी कडांना चिकटून राहते, वर उसळते, कधी नरसाळ्याच्या बाहेरच्या अंगावर जाऊन बसते. हे घर्षणातून साठणाऱ्या स्थिर विद्युतभाराचे काम. मसाले, नाचणीचे सत्त्व, फळांची भुकटी, औषधे, रंगद्रव्ये, बंदुकीची दारू अशा कोणत्याही बारीक कोरड्या पदार्थाला हा त्रास होतो. कोकण किनाऱ्यावर मात्र नरसाळे अडते ते बहुतेक वेळा दमटपणामुळे. दोन्ही दोष वरवर सारखे दिसतात आणि त्यांचे उपाय अगदी उलट आहेत. त्यामुळे इथे आधी दोष ओळखावा लागतो.

दोन वेगळे पदार्थ एकमेकांना लागून सुटे झाले की एकाकडचा थोडा विद्युतभार दुसऱ्याकडे जातो. धातूवरचा भार वाट मिळताच वाहून जातो. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, टेफ्लॉन यांसारख्या विद्युतरोधकांवर तो जागच्या जागी बसून राहतो. कण जितका बारीक तितके त्याचे वजन पृष्ठभागाच्या मानाने कमी. म्हणून जाडसर रवा सरळ खाली उतरतो आणि वस्त्रगाळ पीठ कडेला धरून बसते. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर बऱ्याच वस्तूंवर पाण्याचा अदृश्य पातळ थर बसतो व भार त्यावरून निसटतो. ती ४० टक्क्यांच्या खाली गेली की भार साठू लागतो. टेफ्लॉन व पॉलिथिन पाणी धरत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर दमट हवेचा परिणाम कमी होतो.

पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता ८० ते ९० टक्के असते आणि उघड्या पडवीत स्थिर विद्युत जवळजवळ जाणवतच नाही. हिवाळ्यात घाटावरून कोरडा वारा उतरतो त्या दिवसांत ती थोडी डोके वर काढते. खरी अडचण आहे ती माणसाने कोरड्या केलेल्या खोलीत. कोकमाच्या भुकटीतली आम्ले आणि आंब्याच्या भुकटीतली साखर हवेतले पाणी झपाट्याने ओढतात. अशी भुकटी उघड्यावर भरली तर पाकिटात जाईपर्यंत तिचे खडे होतात. म्हणून दारे लावून, वातानुकूलन सुरू करून किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र लावून ती भरतात. माल वाचवणारा हा कोरडेपणाच प्लॅस्टिकच्या नरसाळ्यात भार जमू देतो.

ओळख सोपी आहे. दमटपणाने धरलेली भुकटी नरसाळ्याच्या मानेशी गोळ्या करून बसते, बोट लावले की बोटाला चिकट लागते आणि टिचकी मारली तर ढेकूळ होऊन पडते. भाराने धरलेली भुकटी वरच्या काठापर्यंत एकेरी पातळ थरात पसरते. टिचकी मारली तरी ती जागची हलत नाही, उलट हात जवळ नेला की काही कण हाताकडे उडतात. शंका राहिली तर नरसाळ्याच्या बाहेरच्या अंगावर तोंडाची वाफ सोडावी. बाहेर बसलेले कण सैल झाले तर दोष भाराचा आहे. अशा वेळी खोली आणखी कोरडी करणे म्हणजे दुखणे वाढवणे, आणि बचत गटांच्या लहान उद्योगांत नेमके हेच होताना दिसते.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे स्टेनलेस स्टीलचे नरसाळे, तारेने अर्थिंगला जोडलेले. जांभ्या कातळावर अर्थिंग नीट लागत नाही आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतावे लागते, ही कोकणातली नेहमीची तक्रार आहे. विजेच्या धक्क्यापासून संरक्षणासाठी ती गंभीरच आहे. मात्र स्थिर भार वाहून जायला दहा लाख ओहमपर्यंतचा रोधही चालतो, त्यामुळे एवढ्या कामाला साधे अर्थिंग पुरते. प्लॅस्टिकच्या स्टँडवर मोकळे टांगलेले धातूचे नरसाळे मात्र प्लॅस्टिकपेक्षाही वाईट: साठलेला सगळा भार ते एका ठिणगीत सोडू शकते.

प्लॅस्टिकच वापरायचे असेल तर ते साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता, तसेच निथळू द्यावे. कोरड्या फडक्याने घासले की नवा भार चढतो. परदेशात कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकायचे सुगंधी कापड नरसाळ्यावर फिरवतात. त्यावरच्या क्षारांमुळे भार निघून जातो खरा, पण खाण्याच्या पदार्थाला ते लावू नये. डंकातून किंवा यंत्रातून नुकताच कुटून आलेला मालवणी मसाला गरम, कोरडा आणि भारित असतो. तो स्टीलच्या परातीत पसरून निवू दिला, नायलॉनऐवजी स्टीलच्या चाळणीने चाळला आणि कमी उंचीवरून सावकाश ओतला, तर निम्मे काम तिथेच होते.

बंदुकीची काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत रूढ आहे आणि नरसाळ्यातल्या स्थिर विद्युतीची चर्चा तिथे फार चालते. धूरविरहित दारूचे दाणे नायट्रोसेल्युलोजचे, म्हणजे विद्युतरोधक असतात. भार जमू नये व दाणे सुटे वाहावेत म्हणून कारखान्यातच त्यांना ग्रॅफाइटचा हात देतात. तिथे माप ग्रेनमध्ये होते (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). नरसाळ्याला चिकटलेले दाणे पुढच्या काडतुसात पडले तर एकात दारू कमी आणि दुसऱ्यात जास्त होते, म्हणून ही काळजी. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. रानडुक्कर व माकडे यांच्यापासून पीक राखण्यासाठी कोकणात परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत. त्यांच्या काळ्या दारूला किनाऱ्यावर भारापेक्षा ओल अधिक छळते, पण ठिणगीने ती सहज पेटते हे विसरून चालत नाही.

रायगड आणि रत्नागिरीतील महाड, लोटे-परशुराम यांसारख्या रासायनिक वसाहतींत हाच विषय जिवावर बेतणारा ठरतो. टोल्युइनसारख्या द्रावकाची वाफ एक मिलिज्यूलच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतक्या ठिणगीने पेटू शकते. दहा हजार व्होल्टपर्यंत भारित झालेल्या माणसाच्या अंगात सात-आठ मिलिज्यूल ऊर्जा असते, आणि रबरी तळव्याचे बूट घालून कोरड्या खोलीत वावरणाऱ्याच्या अंगावर एवढा भार चढणे अवघड नाही. द्रावक असलेल्या पात्रात प्लॅस्टिकच्या पिशवीतून भुकटी ओतणे म्हणूनच अत्यंत धोक्याचे. अशा जागी पात्रात आधी नायट्रोजन भरून हवा काढतात, नरसाळे, पात्र आणि पिंप तारेने एकमेकांना व जमिनीला जोडतात, कामगाराला भार वाहून नेणारे बूट देतात. भुकटी ओतण्यापूर्वी जोडतारेचा चिमटा रंगावर नव्हे तर उघड्या धातूवर घट्ट बसला आहे का, हे प्रत्येक पाळीला हाताने पाहावे लागते. खाऱ्या हवेत चिमट्याचे दात गंजतात आणि तार लावलेली दिसूनही जोड तुटलेला असतो.