उदास वाटतंय म्हणजे श्रद्धा कमी?

कॅथलिक बायकांच्या ग्रुपवर अधूनमधून येणारं वाक्य: ‘मनापासून रोझरी (माळेवर जपायची प्रार्थना) म्हणणारीला डिप्रेशन येत नाही, गोळ्या म्हणजे देवावर अविश्वास.’

घरातलं बायबल काढा. 88वं स्तोत्र रात्रंदिवस देवाचा धावा करणाऱ्याचं आहे, तरी शेवटच्या ओळीतही अंधारच. मत्तय 26:38 मध्ये तर खुद्द येशू म्हणतो, जीव मरणप्राय दुःखी झालाय. मग श्रद्धा कमी कुणाची? गोळ्यांचं उत्तर सिराख 38 मध्ये: औषधं देवानेच जमिनीतून निर्माण केली, प्रार्थना कर, वैद्यालाही जागा दे. (प्रोटेस्टंट आवृत्तीत हे पुस्तक बहुधा सापडणार नाही.)

रोझरीने मन निवतं, खरंच. पण झोप-भूक उडून दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टर गाठा. माळ पर्समध्ये राहू द्या.