प्रेस

प्रेस : मराठीत रूढ झालेला मूळ इंग्रजी शब्द. दाब देणारे यंत्र, छापण्याचे यंत्र व त्यावरून छापखाना, तसेच वृत्तपत्रसृष्टी व पत्रकारवर्ग हे त्याचे प्रमुख अर्थ होत. नाशिक परिसरात मात्र कोणी ‘प्रेसमध्ये कामाला आहे’ असे म्हटले, की नाशिकरोडचे नोटा आणि तिकिटे छापणारे सरकारी कारखाने हाच अर्थ घेतला जातो.

‘दाबणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘प्रेमेरे’ या धातूपासून निघालेला हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. दाबयंत्राला लागणारे हे नाव छपाईच्या यंत्राला कोणत्या वाटेने मिळाले, याविषयी मतभेद आहेत. योहान गुटेनबेर्क याने माइन्ट्स येथे साधारणतः १४५० च्या सुमारास वापरात आणलेले यंत्र ऱ्हाइन खोऱ्यातील द्राक्षरस काढण्याच्या मळसूत्री यंत्रावरून बेतले होते, हे मत सर्वाधिक प्रचलित आहे. ओल्या कागदातील पाणी काढण्यासाठी कागद कारखान्यांत वापरले जाणारे, किंवा पुस्तकबांधणीचे, दाबयंत्र हा त्याचा अधिक जवळचा पूर्वज असावा, असे दुसरे मत आहे. गुटेनबेर्कचे मूळ यंत्र उरलेले नसल्याने दोन्ही मतांचा आधार अनुमानाचाच आहे. तथापि रस काढताना दाब बराच वेळ धरून ठेवावा लागतो, तर छपाईत तो सपाट पृष्ठावर सर्वत्र सारखा पडून लगेच सुटावा लागतो, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. द्राक्षांच्या यंत्राचा अर्थही नाशिकला परका नाही. येथील वायनरींत पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आंबवण्यापूर्वी, तर लाल वाइनसाठी सालींसह आंबवल्यानंतर प्रेसमध्ये दाबतात, कारण लाल रंग सालीत असतो.

नाशिकरोड येथील मुद्रांक व टपाल तिकिटांचा कारखाना १९२५ च्या सुमारास, तर नोटांचा १९२८ मध्ये सुरू झाला. ‘भारत प्रतिभूती मुद्रणालय’ आणि ‘चलार्थ पत्र मुद्रणालय’ ही त्यांची अधिकृत नावे पाटीपुरती राहिली असून कामगार व रहिवासी ‘आयएसपी’ (इंडिया सिक्युरिटी प्रेस), ‘सीएनपी’ (करन्सी नोट प्रेस) किंवा नुसते ‘प्रेस’ म्हणतात. स्वतंत्र भारताचे ‘जय हिंद’ अक्षरे असलेले पहिले टपाल तिकीट (२१ नोव्हेंबर १९४७) येथेच छापले गेले. पासपोर्टच्या पुस्तिकाही येथे छापल्या जातात. नोटेवरील काही भागांच्या छपाईत मूळ धात्वर्थ अक्षरशः टिकून आहे : कोरलेल्या धातूच्या पत्र्यातील खाचांत शाई भरून त्यावर कागद मोठ्या दाबाने बसवला जातो, त्यामुळे शाई कागदावर किंचित उंचावते. शंभर रुपयांच्या वा त्याहून मोठ्या कोऱ्या नोटेवरील गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवल्यास हा उठाव जाणवतो. नाशिकमधीलच गांधीनगर येथील भारत सरकारचे मुद्रणालय यांहून वेगळे असून त्याचा उल्लेख बहुधा ‘गांधीनगर प्रेस’ असा होतो.

मराठी पर्यायांपैकी ‘छापखाना’ हा बोलीत मुरलेला, तर ‘मुद्रणालय’ हा ग्रंथांतील व सरकारी कामकाजातील शब्द आहे. सर्वसाधारण लेखनात ‘छापखाना’ अधिक नैसर्गिक ठरतो. मुंबईच्या ‘निर्णयसागर प्रेस’सारख्या एकोणिसाव्या शतकातील संस्थांमुळे ‘प्रेस’ हा शब्द विशेषनामांतही स्थिरावला. त्याचे लिंग मात्र निश्चित नाही : ‘प्रेस सुरू केला’ व ‘प्रेस सुरू केली’ असे दोन्ही प्रयोग आढळतात, आणि पुल्लिंगी प्रयोगामागे ‘छापखाना’ या शब्दाचा प्रभाव असावा. वृत्तपत्र या अर्थी ‘प्रेसनोट’ला ‘प्रसिद्धिपत्रक’ आणि ‘प्रेस कॉन्फरन्स’ला ‘पत्रकार परिषद’ हे पर्याय रुळले आहेत. ‘कपडे प्रेस करणे’ हा प्रयोग हिंदीच्या संपर्कातून आलेला दिसतो. मराठीत त्यासाठी ‘इस्त्री’ हाच शब्द प्रचलित आहे.