बोंबील

मुंबई व उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात सापडणारा, मऊ अंगाचा सागरी मासा. शास्त्रीय नाव हार्पाडोन नेहेरियस, कुल सायनोडाँटिडी. गुजरातीत बुमला, बंगालीत लोटे. इंग्रजीतील ‘बॉम्बे डक’ या नावामुळे तो मुंबईचा समजला जातो. पण १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते गंगेच्या माशांवरील ग्रंथात. पश्चिम किनाऱ्यावर रत्नागिरीच्या दक्षिणेस तो विरळ होतो आणि पूर्व किनाऱ्यावर आंध्र व बंगालकडे पुन्हा मुबलक मिळतो.

‘डक’ कोठून आले याविषयी मतभेद आहेत. सर्वांत लोकप्रिय उपपत्ती रेल्वेची : सुक्या बोंबलाच्या गोणी मेलगाडीतून, म्हणजे ‘बॉम्बे डाक’मधून जात, त्या वासावरून नाव पडले. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. ‘डक्स’ हा शब्द मात्र त्याआधी निदान अर्धशतक रूढ असावा. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टन यांच्या १८०३ मधील एका पत्रात तो मुंबई इलाख्यातील गोऱ्या लोकांना उद्देशून आला आहे. हे टोपणनाव माशावरूनच पडले असावे, असा ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ मधील कोशाचा कल आहे. तो ग्राह्य धरल्यास डाकगाडीची कथा मागाहून रचलेली ठरते. विक्रेत्यांच्या ‘बोंबील टाक’ या आरोळीचा अपभ्रंश झाला, असेही सांगतात. त्याला लेखी आधार दिसत नाही. ‘बमेलो’ हे जुने इंग्रजी रूप मात्र ‘बोंबील’वरून आले, हे सामान्यतः मान्य आहे.

ताज्या बोंबलाच्या वजनात जवळजवळ ९० टक्के पाणी असते. हा मासा पकडणे, टिकवणे आणि रांधणे या तिन्हींच्या रीती त्या पाण्याने ठरवल्या आहेत.

डोल हे शंकूच्या आकाराचे लांब पिशवीजाळे. ते ओढत नाहीत; समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडी धरतात. तोंडाशी आस (जाळ्याचे भोक) मोठा असतो, शेवटच्या ‘खोल्या’कडे तो बारीक होत जातो. भरती-ओहोटीचा ओघच मासळी आत लोटतो. म्हणून डोलकराचे गणित तिथीवर चालते : उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) जाळे भरते, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) पाणी मंदावते व फेरी वाया जाते. बारीक आसात पिल्लेही अडकतात, असा या जाळ्यावर जुना आक्षेप आहे. डोलकरांचा रोख यांत्रिक ट्रॉलरांकडे, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या बोटींकडे असतो. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे.

काही तासांत न खपलेला बोंबील वाळत घालावा लागतो. वेसावे, मढ, गोराई, उत्तन, अर्नाळा, सातपाटी येथे बांबू रोवून त्यांवर दोऱ्यांच्या वलांडी बांधतात. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरीवर टाकतात. आत वळलेल्या बारीक दातांमुळे ती वाऱ्याने सुटत नाही. मीठ लावत नाहीत. काम बहुतांशी कोळिणींचे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात घरोघरी आणि घाटावरच्या आठवडे बाजारांत हाच माल पुरतो. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, भाकरी व कांदा हे समुद्र न पाहिलेल्या घरांतही परिचित जेवण आहे.

ओला बोंबील मासळीबाजारात वाट्यावर विकतात. तो चिरून, मधला काटा काढून, पाट्याखाली दाबून ठेवतात. पाणी निथळल्यावाचून तळण कुरकुरीत होत नाही. घाईच्या खानावळीत नेमके तेथेच बिघडते. गोमंतकी व मालवणी खानावळींनी ‘बोंबील फ्राय’ शहरभर नेला. कोळ्यांचे बोंबलाचे कालवण मात्र फारसे घराबाहेर पडले नाही. पारशी लोक तारापोरी पातियो हा आंबट-तिखट पदार्थ सुक्या बोंबलाचा करतात. नाव पालघर जिल्ह्यातील तारापूरचे.

ब्रिटनमध्ये सुका बोंबील करीसोबत कुसकरून खात. युरोपीय संघाच्या आयातनियमांमुळे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील आवक थांबली. ग्राहकांच्या मोहिमेनंतर मान्यताप्राप्त केंद्रांत बांधलेल्या मालाला पुन्हा वाट मिळाली.