जुन्या स्पीकरच्या पाठीवरचा आकडा

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक खोकं खाली आलं. आत २००८ साली हौसेने घेतलेला होम थिएटरचा संच. वीतभर उंचीचे पाच स्पीकर, गुडघ्याएवढा सबवूफर आणि एक डीव्हीडी प्लेअर. प्लेअर कधीच गेलेला. "मामा, हे भंगारवाल्याला देऊन टाकू?" भाच्याने विचारलं. नवा एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा डबा, आदल्याच आठवड्यात आणला होता आणि नव्या स्पीकरच्या किमती बघून आमचे डोळे पांढरे झाले होते. म्हटलं, प्लेअर दे, स्पीकर ठेव.

कारण स्पीकरमध्ये जुनं होण्यासारखं फार थोडं असतं. लोहचुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटवलेला कागदी पडदा. वेटोळ्यातून धारा वाहिली की पडदा पुढे-मागे हलतो आणि हवा ढकलतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडलेली ही रचना आजही मूळ स्वरूपात तीच आहे. झिजते ती पडद्याभोवतीची फोमची कड. आपल्याकडच्या दमट हवेत तिचा भुगा होतो. आमच्या छोट्या स्पीकरची कड रबराची निघाली, म्हणून वाचली.

पहिली अडचण प्लगची. संच विकणाऱ्या कंपन्या वायरच्या टोकाला आपापले रंगीत प्लग लावत, रिसीव्हरच्या मागे मात्र लाल-काळे स्क्रूचे टर्मिनल. यात विज्ञान काही नाही, प्लग कापायचा. वायरचं टोक सेंटिमीटरभर सोलायचं आणि तांब्याचे तंतू नीट पिळायचे. एखादा सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला की शॉर्ट.

पण प्लग कापला की धन कुठली आणि ऋण कुठली हे कसं कळणार? घड्याळातला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल काढला, स्पीकरची जाळी उतरवली आणि वायरची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवली. 'खट्ट' झालं आणि पडदा आत ओढला गेला. म्हणजे उलटं. टोकं बदलली, पडदा पुढे आला. आता सेलच्या धन टोकाला लागलेली वायर ती लाल. भाच्याने हा खेळ पाचही स्पीकरवर दोन-दोनदा केला.

एक स्पीकर उलटा जोडला तर बिघडत काही नाही, पण त्याचा पडदा हवा ढकलतो तेव्हा जोडीदाराचा ओढतो. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण ३.४ मीटर. एवढ्या लांब लाटा दोन्हीकडून उलटसुलट येऊन एकमेकींना पुसून टाकतात. संवाद ऐकू येतात, डग्ग्याचा घुमारा मात्र गायब. मग लोक बिचाऱ्या स्पीकरला दोष देतात.

आता खरी गोष्ट. स्पीकरच्या पाठीवरच्या लेबलवर बारीक अक्षरांत '३ ओहम' लिहिलेलं होतं. रिसीव्हरच्या मागे '६ ते १६ ओहम'. खोक्यावरचे पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीच्या दाव्याचे, हजारो वॅट विसरा, त्या आकड्याला कुठलंच मानक नाही. बघायचा तो हा ओहमचा आकडा.

शाळेतला ओहमचा नियम इथे कामाला येतो. आवाजाच्या एका पातळीला रिसीव्हर समजा १० व्होल्ट देतोय. ६ ओहमचा स्पीकर १.७ अँपिअर धारा घेईल, ३ ओहमचा ३.३. व्होल्ट तेवढेच, धारा दुप्पट. ती पुरवताना रिसीव्हरचे ट्रान्झिस्टर तापतात आणि संरक्षक सर्किट असेल तर 'टिक्' करून सगळं बंद पाडतं. मल्टिमीटर लावून बघाल तर ३ ओहमच्या स्पीकरवर २.७-२.८ असं काही दिसेल. मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो. लेबलवरचा आकडा इम्पीडन्सचा, म्हणजे बदलत्या धारेला होणाऱ्या एकूण विरोधाचा असतो आणि तो ध्वनीच्या वारंवारितेप्रमाणे बदलत राहतो.

मग जोडायचे की नाही? कंपनी नाहीच म्हणेल. मी जोडले, पण दोन गोष्टी पाळून. आवाज मध्यम ठेवला, आणि सेटिंगमध्ये स्पीकर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे आवाज सबवूफरकडे जातात ती सीमा, १५० हर्ट्झवर नेला. जास्त शक्ती खाणारे खर्जाचे आवाज त्यामुळे सबवूफरकडे वळतात आणि छोट्या स्पीकरवरचा, पर्यायाने रिसीव्हरवरचा, भार उतरतो. तासाभराने रिसीव्हरच्या वरच्या जाळीला हात लावून बघितला. कोमट होती. लग्नाच्या हॉलसारखा आवाज हवा असेल, तर मात्र हे स्पीकर तुमच्यासाठी नाहीत.

संचातली मूळ वायर केसासारखी बारीक होती. सुमारे ०.२ चौरस मिलिमीटरच्या तांब्याची वायर मागच्या भिंतीपर्यंत १० मीटर नेली, तर जाऊन-येऊन २० मीटरचा रोध १.७ ओहम होतो. ३ ओहमच्या स्पीकरसमोर म्हणजे शक्तीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग वायर गरम करण्यात जातो. इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तर ०.२३ ओहम. सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या 'ऑडिओफाइल' केबलची गरज मला तरी पटलेली नाही.

सबवूफरने मात्र दगा दिला. तो पॅसिव्ह, म्हणजे त्याचा अॅम्प्लिफायर त्या मेलेल्या डीव्हीडी प्लेअरच्या पोटात होता. रिसीव्हरच्या 'सब आउट'मधून येतो तो जेमतेम व्होल्ट-दोन व्होल्टचा क्षीण सिग्नल, त्यात सेलसारखी धारा पुरवायची ताकद नसते, म्हणून त्याने वेटोळं हलत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक छोटा क्लास-डी अॅम्प्लिफायर बोर्ड आणला, मध्ये बसवला, तेव्हा काचा थरथरल्या.

शेवटी रिसीव्हरचा माइक सोफ्यावर ठेवून मोजणी लावली. प्रत्येक स्पीकरमधून आवाज निघतो, माइकपर्यंत पोचायला लागलेला वेळ मोजून रिसीव्हर अंतर काढतो. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. मागच्या स्पीकरचं अंतर टेपने मोजलं तेवढंच आलं. सबवूफरचं मात्र दोन मीटर जास्त. भाचा टेप घेऊन पुन्हा मोजायला उठला. टेप बरोबर होती आणि माइकही. सबवूफरच्या वाटेवरच्या फिल्टरांमुळे आवाज सहा-एक मिलिसेकंद उशिरा निघतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतर म्हणून लिहितो. त्या हिशेबाने बाकीच्यांना तेवढं थांबवून ठेवतो, म्हणून ते दोन मीटर मी तसेच राहू दिले.