खर्चाचे पैसे नवऱ्याच्या पगारातून थेट: अर्ज कुठे, कसा?

कोर्टानं दरमहा खर्चाचा हुकूम केला, पण नवरा दमडी देत नाही. अशा वेळी पैसे त्याच्या हातात पडायच्या आधीच अडवता येतात, हे फार थोड्या बायकांना ठाऊक असतं. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मधलं कलम २०(६) त्यासाठीच आहे. हुकूम पाळला नाही, तर न्यायदंडाधिकारी त्याच्या मालकाला सांगू शकतात: पगारातला अमुक हिस्सा थेट तिला द्या, नाहीतर कोर्टात भरा.

आधी कलम १२ खाली मूळ अर्ज लागतो. तो बायकोलाच नव्हे, एका घरात राहिलेल्या आईला, बहिणीलाही करता येतो. सासर परभणीला, नवरा चाकणच्या कंपनीत आणि ती अंबाजोगाईला माहेरी, तर अर्ज अंबाजोगाईच्या कोर्टात चालतो. मुक्काम तात्पुरता असला तरी. याच कायद्याखाली बायकांच्या मदतीला नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही देता येतो. मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समिती आहे, बाईला उत्पन्नाची अट नाही. पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना हसू येईल, म्हणून कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, खर्च सुरुवातीलाच मागावा.

सोबत आधार कार्ड, लग्नपत्रिका किंवा फोटो, दवाखान्याचे कागद, मुलांच्या फीच्या पावत्या आणि मिळकत-देण्यांचं शपथपत्र.

पैसे थकले की दुसरा अर्ज. त्याला हुकमाची नक्कल आणि पैसे जमा झाले नाहीत हे दाखवणारं पासबुक जोडा. खरी अडचण मालकाच्या नाव-पत्त्याची. शिक्षक किंवा सरकारी नोकर असेल तर आहरण व संवितरण अधिकाऱ्याचं, म्हणजे पगार काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याचं, पदनाम लिहावं. कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला असेल तर ठेकेदाराचं नाव हवं, कारण पगार तोच देतो.

कलमात मालकाबरोबरच नवऱ्याचं देणं लागणाराही येतो. त्यामुळे कारखान्याकडे अडकलेलं त्याचं ऊसबिलही मागता येतं. ऊसतोडीला गेलेल्याचं मात्र अवघड. उचल हंगामाआधीच घेऊन संपलेली, उलट तोच मुकादमाचा देणेकरी. अडवायला पैसा उरतोच कुठे? तिथं पोटगीसारखी वसुली मागावी: वॉरंट, आणि तरीही भरलं नाही तर कैद. तो अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो.