मीटरवरचा लाल ब्रेक आणि पिवळा एबीएस

पिवळा एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटला की माणूस धास्तावतो आणि त्याच दिवशी गाडी घेऊन आमच्या गॅरेजमध्ये येतो. लाल ब्रेकचा दिवा पेटला की मात्र ब्रेक ऑइलची बाटली विकत आणतो, टाकीत थोडं ओततो आणि दिवा विझला की पुढे निघतो. नागपूरच्या मानेवाड्यात काम करताना कितीतरी वर्षं मी हेच पाहतोय, आणि हे नेमकं उलटं आहे. गाडी आज, आत्ता थांबवायला सांगणारा दिवा लाल आहे. पिवळ्याला चार दिवसांची सवड देता येते.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही खुणा जवळपास सारख्या दिसतात: मध्ये गोल आणि दोन्ही बाजूंना कंस. लाल गोलात उद्गारचिन्ह असतं, नाहीतर पार्किंग ब्रेकचा पी. पिवळ्यात एबीएस ही अक्षरं. चावी फिरवली की दोन्ही पेटतात. पिवळा दोन-चार सेकंदांत विझतो, लाल हँडब्रेक खाली केल्यावर. जुनी गाडी विकत घेताना हा क्षण नीट बघा. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा मुळीच पेटला नाही, तर ती चांगली खूण नव्हे. बिघाड लपवायला कुणीतरी मीटर उघडून तो बंद केलेला असू शकतो.

लाल दिवा काय पाहतो

तुमचा पाय आणि चाक यांच्यामध्ये ब्रेक ऑइलने भरलेला एक बंद मार्ग आहे. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, ते पाइपातून चाकांपर्यंत जातं आणि पुढे कॅलिपर डिस्कवर पॅड दाबतो, मागे व्हील सिलिंडर ड्रममधले लायनर दाबतो. हा मार्ग शाबूत आहे का, एवढंच लाल दिवा पाहतो. बहुतेक गाड्यांत त्याला दोन ठिकाणांहून खबर येते. एक हँडब्रेकखालच्या स्विचकडून, दुसरी ऑइलच्या टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटकडून.

हँडब्रेकचं पटकन उरकतं. दांडा पूर्ण खाली असूनही दिवा जात नसेल, तर तो एकदा वर ओढून पुन्हा खाली दाबा. तेवढ्याने विझला, तर स्विच धुळीने अडकतोय. साफ करून घ्या, विषय संपला.

फ्लोटचं मात्र तसं नाही. इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं.

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. मार्ग बंद आहे, त्यामुळे पातळी उतरली असेल तर कारणं दोनच. पहिलं, पॅड झिजलेत. पॅड पातळ झाले की कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची वाढलेली जागा ऑइल भरून काढतं, म्हणून टाकीतली पातळी हळूहळू, महिनोन्‌महिने उतरत जाते. दुसरं, कुठेतरी गळती आहे. या दोन्ही कारणांवर ऑइल ओतणं हा इलाज नाही. पॅड झिजले असतील, तर ओतलेलं ऑइल नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की टाकीतून वर येऊन सांडतं, आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग सोलून काढतं (सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा). गळती असेल, तर तुम्ही फक्त खबर देणाऱ्याचं तोंड बंद केलं. गळती चालूच राहते.

त्यावर गिऱ्हाईक म्हणतो, "भाऊ, ब्रेक तर लागून राह्यले ना, मग लाइट काऊन लागून राह्यला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळे भाग असतात आणि प्रत्येक भाग दोन चाकांना ऑइल पुरवतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ही विभागणी तिरपी असते: पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र, उरलेली दोन एकत्र. एका भागाचं ऑइल गेलं तरी दुसरा भाग गाडी थांबवतो. पेडल आधीपेक्षा खोल जातं, जोर जास्त लावावा लागतो, गाडी उशिरा थांबते, पण थांबते. म्हणजे "ब्रेक लागतात" हे खरंच असतं, फक्त अर्धेच उरलेले असतात. सीताबर्डीच्या गर्दीत तीसच्या वेगाने हे कळत नाही. वर्धा रोडवर पुढचा ट्रक अचानक थांबला की कळतं.

बेसा भागात राहणाऱ्या एका शिक्षिकेची गाडी मला कायम आठवते. त्यांचा लाल दिवा सुरुवातीला फक्त उड्डाणपुलाच्या चढावर आणि वळणावर लुकलुकायचा, सपाट रस्त्यावर आपोआप विझायचा. कुणीतरी "वायर ढिली असेल" असं सांगितलं. वायर ढिली नव्हती. पातळी अगदी काठावर आली होती. चढावर ऑइल एका बाजूला कललं की फ्लोट खाली बसायचा, सपाटीवर पुन्हा वर यायचा. दिवा वळणावर किंवा उतार-चढावावर लुकलुकत असेल, तर आधी बोनेट उघडून पातळी बघा, वायर नंतर. दोन महिन्यांत त्यांनी तीन वेगळ्या ठिकाणी ऑइल भरून घेतलं होतं. प्रत्येकाने बाटली ओतली, पैसे घेतले, पण आधीच्या वेळी भरलेलं ऑइल गेलं कुठे, हे एकानेही विचारलं नाही. याचा मला आजही राग येतो.

मी गाडी वर घेतली तर मागच्या उजव्या टायरची आतली बाजू ओलसर होती. ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडरचं रबर फाटलेलं आणि लायनर ऑइलने चिंब भिजलेले निघाले. सिलिंडर बदलला, लायनर दोन्ही बाजूंचे बदलले, कारण एकाच बाजूला नवे टाकले तर ब्रेक एका अंगाला ओढतो. मग चारही चाकांच्या ब्रेक पाइपांत शिरलेली हवा काढून ताजं ऑइल भरलं. "ताई, तुमची गाडी दोन महिने सांगून राह्यली होती," एवढंच मी त्यांना म्हणालो.

गळती शोधताना चारही चाकांच्या आतल्या बाजू आणि होज पाइप बघायचे. पण दोन जागा सहज निसटतात. एक म्हणजे मास्टर सिलिंडरची मागची बाजू. तिथून गळलेलं ऑइल बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या) आत जातं आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही. दुसरी जागा क्लचची. ज्या गाड्यांत क्लच ऑइलवर चालतो, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते. मग गळतो क्लचचा सिलिंडर आणि पेटतो ब्रेकचा दिवा. दुरुस्तीनंतर भरायचं ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. तेच घ्या, आणि बाटली नवी, सीलबंद हवी. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, उघडी पडलेली बाटली उपयोगाची नाही.

ओलाव्यावरून एक सांगतो, कारण हे लाल दिव्याला कळतच नाही. ताजं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या आत उकळत नाही. ओलावा शिरला की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवला की ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, पेडल खाली बसतं आणि मीटरवर एकही दिवा पेटत नाही, कारण टाकीतली पातळी तर ठीकच असते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.

लाल दिवा धावत्या गाडीत पेटला तर आधी पेडलचा अंदाज घ्या. नेहमीसारखं कडक असेल, तर सावकाश कडेला घ्या आणि पातळी बघा. खाली जात असेल, तर पटापट पंप करा, गिअर उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा. इंजिन बंद करू नका, नाहीतर बूस्टरची आणि स्टिअरिंगची मदतही जाईल. तिथून पुढे गाडी टोचन करूनच न्यायची.

पिवळा दिवा काय म्हणतो

एबीएस हे ब्रेकच्या वर बसवलेलं जास्तीचं संरक्षण आहे. बॉशने ते १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणलं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या कारमध्ये ते सक्तीचं झालं, म्हणून हा दिवा आता साध्या गाड्यांतही दिसतो. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर वेग मोजतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादं चाक जागीच जाम होऊ लागलं, तर मॉड्यूल (एबीएस चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) त्या चाकाचा दाब सेकंदाला अनेकदा सोडतं आणि पुन्हा देतं. पेडलला जी थरथर लागते ती हीच. चाक फिरत राहतं म्हणून स्टिअरिंग ऐकतं.

पिवळा दिवा लागून राहिला की मॉड्यूलने स्वतःला बाजूला केलेलं असतं. साधे ब्रेक पूर्ण ताकदीने लागतात. फरक कळेल तो जूनच्या पहिल्या सरीत, रस्त्यावर धूळ आणि तेलाचा चिखल झालेला असताना जोरात ब्रेक मारल्यावर. चाकं जाम होतील आणि गाडी सरळ घसरत जाईल. तेव्हा पाय क्षणभर सैल करून पुन्हा दाबायचा. तोवर गावात जपून चालवा, अंतर ठेवा. शिवमडक्याहून समृद्धीवर १२० च्या वेगाने निघणार असाल, तर मात्र आधी दुरुस्ती करा.

पैशाचं नुकसान खरं इथे होतं. दिवा पेटला की मॉड्यूल गेलं असं थेट सांगणारे भेटतात, आणि मॉड्यूल सेन्सरच्या कितीतरी पट महाग. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोष चाकाजवळच निघतो: सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस, गंजून तडकलेली दातेरी रिंग, उंदराने कुरतडलेली वायर, हिरवट झालेला कपलर (वायर जोडणारा प्लग). २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून धरमपेठेकडच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या चाकं बुडेपर्यंत उभ्या होत्या. अशा गाड्यांचे कपलर कित्येक महिन्यांनी गंज दाखवतात. गाडी पाण्यात होती, हे मेकॅनिकला आधीच सांगा.

तपास स्कॅनरने सुरू होतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ रीडर बऱ्याचदा फक्त इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचतात. एबीएसचे कोड सी या अक्षराने सुरू होतात, ते वाचणारं यंत्र हवं. सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. पण कोड जागा सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. सेन्सर, वायर, रिंग, तिघांपैकी कुणीही असू शकतं. म्हणून चालत्या गाडीत चारही चाकांचे वेग स्कॅनरवर शेजारी शेजारी बघायचे. तीन चाकं २० दाखवतात आणि एक शून्यावर अडकतं, किंवा मधूनच गळपटतं, तेच चाक धरायचं. मल्टीमीटरने ओहम मोजून जुन्या, दोन तारांच्या मॅग्नेटिक सेन्सरची परीक्षा होते. नव्या हॉल सेन्सरची होत नाही, आणि चांगला सेन्सर "गेला" म्हणून फेकला जातो.

दिवा कधीपासून लागला, हेही आठवून सांगा. हब बेअरिंग बदलल्यावर लगेच लागला असेल, तर बेअरिंग उलटं बसलंय का ते बघायला लावा. बऱ्याच नव्या बेअरिंगच्या एकाच बाजूला चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरसमोर आली नाही, तर सेन्सर आंधळा होतो. एखादा टायर वेगळ्या मापाचा टाकला तरी दिवा लागू शकतो. आणि सकाळी स्टार्टर मारताना पेटून थोडं चालवल्यावर जात असेल, तर आधी बॅटरी तपासा. नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते आणि व्होल्टेज पडलं की मॉड्यूल काम थांबवतं.

दोन्ही एकत्र पेटले तर

इथे पिवळ्याची सवड संपते. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटून देणारी ईबीडी हीही एबीएसच्याच मॉड्यूलमध्ये असते. ती बंद पडल्याचं बहुतेक गाड्या लाल आणि पिवळा एकदम पेटवून सांगतात. जोरात ब्रेक दाबला तर मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. थांबा, ऑइलची पातळी बघा. सोबत बॅटरीचाही लाल दिवा पेटला असेल, तर अल्टरनेटर चार्जिंग करत नसण्याची शक्यता मोठी. तसं नसेल, तर टोचन.

त्या शिक्षिकेच्या गाडीच्या टाकीवर मी पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला, पातळीपाशी पेनाने रेघ मारली आणि खाली तारीख लिहिली. दर सोमवारी शाळेत निघण्याआधी बोनेट उघडून बघायला सांगितलं. सहा आठवड्यांनी त्या गाडी दाखवायला आल्या, तेव्हा ऑइल रेघेवरच होतं.