छातीतल्या यंत्राला कळलेली ओल

चवथ आटोपल्यावर काकांना पेडण्याहून बांबोळीच्या इस्पितळात तपासणीसाठी नेलं. हृदय दुबळं झाल्यामुळे तीन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत डीफिब्रिलेटर बसवलाय, म्हणजे ठोके बिघडले की वायरीतून हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र. तिथल्या मुलीने खांद्याखालच्या उंचवट्यावर एक चपटं उपकरण टेकवलं. पडद्यावर आकडा उमटला: ५२० ओहम. "वायर ठीक आहे," ती म्हणाली.

हा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मुळात यंत्राने स्वतःची वायर तपासावी म्हणून मोजला जातो. वायर तुटली की ओहम एकदम चढतात, वरचं आवरण फाटलं की घसरतात. पण वीज वायरीच्या टोकातून बाहेर पडून देहातूनच परतते, त्यामुळे वाटेतल्या मांसाची नि रक्ताची खबरही आकड्यात उतरते. मला यातलं विलक्षण वाटतं ते हेच.

आगरवाड्याच्या मिठागरातलं पाणी वीज सहज नेतं, पावसाचं पाणी तिला बरंच अडवतं. आपल्या अंगातलं पाणीही खारंच. फुप्फुसात मात्र हवा, आणि हवेतून वीज जात नाही. हृदय मागे पडलं की तिथे पाणी साचतं, वाट सोपी होते, ओहम उतरतात. हृदयातल्या वायरीपासून खांद्याखालच्या यंत्राच्या डबीपर्यंत, डाव्या फुप्फुसातून, काही यंत्रं इवलासा प्रवाह सोडून हे रोज मोजतात. माणसाला काही जाणवत नाही. २००५ सालच्या ३३ रुग्णांच्या अभ्यासात ही घसरण त्रास जाणवण्याच्या सरासरी १५ दिवस आधी सुरू झालेली दिसली.

हृदयाचा स्नायूही असाच बोलतो. रक्त तुटलं की पेशी फुगतात, एका पेशीतून दुसरीत जायच्या वाटा मिटतात, अडथळा वाढतो. जुन्या हृदयविकाराच्या झटक्याच्या व्रणात पेशीच फारशा उरत नाहीत, तिथे तो कमी भरतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय, पण छातीतल्या यंत्रांच्या नेहमीच्या तपासणीत अजून रुळलेलं नाही.

तरी आकडा एकटा वाचू नये. न्यूमोनियानेही ओहम उतरतात, डबीभोवतीच्या सुजेनेही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ओहम घसरल्याचा इशारा देणारी यंत्राची घंटा चालू ठेवलेल्या रुग्णांचं इस्पितळात भरती होणं उलट वाढलं होतं. पाय, वजन, धाप हे सोबत पाहावंच लागतं.

काकांच्या पडद्यावरची दुसरी रेघ, फुप्फुसातल्या ओहमची, चवथीपासून खाली येत होती. डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. लघवीच्या गोळीचा डोस वाढवून त्यांनी विचारलं, "जेवणात खारट काय असतं?" काका गप्प. काकूच म्हणाली, "मिठातले तोर. दोन्ही वेळा."